हलक्या सिस्टीमसाठी डिफॉल्ट विंडो मॅनेजर कुठला? टीडब्ल्यूएम, सीटीडब्ल्यूएम, आईसडब्ल्यूएम आणि मंडळींचा रिव्ह्यू

हलकी सिस्टीम म्हटलं की सगळी चर्चा रॅमवर जाते, बूट झाल्यावर किती एमबी, आयडलला किती एमबी, आणि विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोंना कड, टायटलबार देणारा आणि त्या हलवणारा प्रोग्रॅम, कुठला द्यायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी, जे आधीपासून आहे तेच राहू दे म्हणून सोडून दिला जातो. मला हे अजिबात पटत नाही. कारण बघा, ज्याला यातलं कळतं तो डॉट एक्सइनिटआरसी या सुरुवातीच्या सेटिंग फाईलमध्ये एक ओळ लिहून स्वतःचा आवडता विंडो मॅनेजर लावतो, त्याला डिफॉल्टशी काही देणंघेणं नसतं. डिफॉल्ट हा ज्याला अजून काहीच माहीत नाही त्याच्यासाठी असतो. त्यानं सिस्टीम टाकली, स्टार्टएक्स ही ग्राफिकल स्क्रीन सुरू करणारी कमांड मारली आणि जी पहिली स्क्रीन समोर आली, त्यावर त्याचं त्या सिस्टीमबद्दलचं मत होतं. म्हणून मी हे सगळे विंडो मॅनेजर एकाच नजरेनं तपासलेत: मॅन्युअल न उघडता टर्मिनल उघडता येतं का, विंडो बंद करता येते का, आणि काम न गमावता बाहेर पडता येतं का.

सुरुवात टीडब्ल्यूएमपासून करावीच लागेल, कारण १९८७ पासून तो आहे आणि कितीतरी सिस्टीमवर एक्ससोबत, म्हणजे लिनक्स आणि बीएसडीवर विंडो दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेसोबत, आपोआप येत राहिला. आदर आहे, खरंच आहे, टॉम लास्ट्रेंजनं लिहिलेला हा प्रोग्रॅम इतकी वर्षं चालतोय आणि पुढच्या कितीतरी विंडो मॅनेजरांचा पूर्वज आहे. पण आज नव्या माणसापुढे तो ठेवणं मला चुकीचंच वाटतं. मूळ सेटिंगमध्ये काय होतं सांगतो. तुम्ही मेनूतून एक्सटर्म हे टर्मिनल निवडलं, तर विंडो येत नाही, माऊसच्या टोकाला चिकटलेली एक रिकामी चौकट येते आणि ती माऊसबरोबर फिरत राहते. डावं बटण दाबून जागा दाखवली की मग विंडो उघडते. ज्याला हे माहीत नाही तो सरळ समजतो की मशीन हँग झालं. बरं, विंडो आली, आता बंद करायची, तर टायटलबारवर दोनच बटणं, डावीकडचं आयकॉन करायचं आणि उजवीकडचं साईझ बदलायचं, क्लोजचं बटणच नाही. साईझ बदलायचं बटणही असं की दाबून धरून माऊस विंडोच्या कडेच्या पलीकडे न्यायचा, तेव्हा कुठं ती कड हलायला लागते. आणि टाईप केलेलं ज्या विंडोवर माऊस आहे त्या विंडोत जाणार, म्हणजे टाईप करताना माऊसला जरासा धक्का लागला तर पुढची अक्षरं भलतीकडेच.

आता सगळ्यात वाईट गोष्ट, त्याचा मूळ मेनू. त्यात खालच्या बाजूला एकाखाली एक चार ओळी आहेत: किल, डिलीट, रीस्टार्ट, एक्झिट. यातलं डिलीट म्हणजे ॲपला सभ्यपणे सांगणं की बाबा बंद हो, ॲपला मग सेव्ह करू का असं विचारायला वेळ मिळतो. किल म्हणजे थेट त्याचं एक्सशी असलेलं कनेक्शनच तोडणं, जे लिहिलं होतं ते गेलं. आणि हे किल त्या डिलीटच्या वर आहे! विंडो बंद करायला आलेला माणूस वरचं पहिलं दाबणार की नाही? एक्झिटचं तर काही विचारूच नका, ते दाबलं की एकही प्रश्न न विचारता टीडब्ल्यूएम बंद होतो आणि सेशन त्याच्यावर उभं असेल तर सगळ्या विंडोंसकट जातं. ज्या काळात वर्कस्टेशनवर बसणाऱ्याला शेजारी विचारायला कोणीतरी असायचं त्या काळात हे ठीक असेल.

आणखी एक कारण आहे जे थोडं तांत्रिक आहे पण महत्त्वाचं आहे. आजकालची ॲप्स विंडो मॅनेजरशी ईडब्ल्यूएमएच नावाच्या ठरलेल्या नियमांनी बोलतात, मला फुल स्क्रीन कर, मी डायलॉग आहे, कुठल्या कुठल्या विंडो उघड्या आहेत त्याची यादी दे, असं सगळं. टीडब्ल्यूएमला ही भाषा येतच नाही. त्यामुळं पॅनेल लावलं तर त्यात विंडोंची यादी दिसत नाही, फुल स्क्रीनची विनंती नीट पोचत नाही, आणि नवा माणूस दोष ब्राउझरला देतो. वर फोंट बिटमॅपचे, म्हणजे ठरलेल्या मापाच्या ठिपक्यांचे, जास्त रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर मेनू मुंगीएवढा.

म्हणूनच २०२० मध्ये नेटबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीमनं वीस वर्षांहून जास्त काळ चाललेला टीडब्ल्यूएम बाजूला करून सीटीडब्ल्यूएम डिफॉल्ट केला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, आणि स्थिर आवृत्तीत तो नेटबीएसडी १० बरोबर २०२४ मध्ये लोकांच्या हातात आला. हा निर्णय मला फार समजूतदार वाटतो आणि तो का ते नीट सांगायला पाहिजे, कारण बाहेरून बघणारा म्हणतो की एक म्हातारा काढून दुसरा म्हातारा बसवला. सीटीडब्ल्यूएम हा टीडब्ल्यूएममधूनच १९९२ च्या सुमारास निघालेला, म्हणजे वय आहेच. पण बीएसडीवाल्यांची अडचण समजून घ्या. त्यांच्याकडे बेस सिस्टीम म्हणून एक प्रकार असतो, कर्नल, कमांड, आणि नेटबीएसडी, ओपनबीएसडीत तर एक्सही, सगळं प्रोजेक्ट स्वतःच बिल्ड करून देतो, आणि त्यात बाहेरची लायब्ररी ओढून आणणं म्हणजे ती कायमची सांभाळत बसणं. ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर चांगला आहे हो, पण त्याला जीलिब, पँगो, लिबएक्सएमएल या लायब्रऱ्या लागतात, शिवाय लायसन्स जीपीएल, जे बेसमध्ये वाढवायला बीएसडी मंडळी नाखूश असतात. हॅस्केल भाषेत लिहिलेला एक्समोनाड घ्यायचा तर त्या भाषेचा आख्खा कंपायलर दारात. या सगळ्या चाळण्यांतून गाळून जे उरतात त्यात सीटीडब्ल्यूएमचं लायसन्स बसतं, डिपेंडन्सी जवळजवळ एक्सच्या लायब्रऱ्यांपुरत्या, आणि मुख्य म्हणजे तो अजून कोणीतरी सांभाळतंय, चार नंबरच्या आवृत्तीपासून त्याला ती ईडब्ल्यूएमएचची भाषाही येते.

पण मला जास्त कौतुक प्रोग्रॅमपेक्षा त्यांनी सोबत दिलेल्या कॉन्फिग फाईलचं आहे. सीटीडब्ल्यूएम नुसता टाकला आणि स्वतःची कॉन्फिग दिली नाही तर तो दिसायला टीडब्ल्यूएमचाच भाऊ. नेटबीएसडीनं काय केलं, ॲप्लिकेशनचा मेनू आपोआप बनेल असं केलं, पॅकेज टाकलं की ते मेनूत येतं, स्क्रीनच्या रिझोल्यूशनप्रमाणे फोंट लहानमोठा होतो, आवाज कमीजास्त करायच्या की चालतात, आणि माऊस नसला तरी नुसत्या कीबोर्डवर सगळं करता येतं. हे शेवटचं लोक हलक्यात घेतात पण जुन्या लॅपटॉपचा टचपॅड अजून ओळखला गेला नाही अशा मशीनवर पहिल्यांदा सिस्टीम टाकून बघा, मग त्याची किंमत कळेल.

सीटीडब्ल्यूएममधली माझी एकदम आवडती गोष्ट म्हणजे ऑक्युपाय. बाकी बऱ्याच ठिकाणी विंडो एका वर्कस्पेसवर (वेगवेगळ्या कामांसाठीच्या आभासी स्क्रीनवर) असते किंवा सगळ्यांवर असते, मधलं काही नाही. इथं ऑक्युपाय निवडलं की वर्कस्पेसांची एक छोटी यादी समोर येते आणि त्यात हव्या त्या वर्कस्पेसवर टिक करायची, म्हणजे मेल पहिल्या आणि तिसऱ्यावर, लॉगची विंडो दुसऱ्या आणि तिसऱ्यावर, असं. वर्कस्पेस मॅनेजरची छोटी खिडकी लावून ठेवली तर तिच्यात प्रत्येक वर्कस्पेसचा नकाशा दिसतो, नकाशातलीच छोटी विंडो उचलून दुसऱ्या खान्यात टाकता येते. तीस वर्षांपूर्वीच्या घराण्यातला प्रोग्रॅम हे करतो आणि आजच्या कितीतरी भारी डेस्कटॉपना हे जमत नाही.

उणिवा आहेत, त्या सांगतो. टास्कबार नाही, जे लोक विंडोज वापरून आलेत ते विंडो मिनिमाईझ करतात आणि मग ती गेली कुठं म्हणून शोधत बसतात, आयकॉन मॅनेजर म्हणून एक यादी आहे पण ती ओळखीची वाटत नाही. घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉनांचा सिस्टीम ट्रे नाही, त्यामुळं जी ॲप्स बंद करताना ट्रेमध्ये जाऊन बसतात ती दिसेनाशी होतात. कॉन्फिग फाईलमध्ये एमफोर प्रीप्रोसेसर, म्हणजे फाईल वाचण्याआधी तिच्यातला मजकूर बदलून देणारं टूल, वापरता येतं, ताकद मोठी आहे, पण कुठं एक अवतरणचिन्ह चुकलं तर शोधताना जीव जातो. आणि दिसायला, काय म्हणू, रंग कितीही छान निवडले तरी कडा जुन्याच वाटतात. तरीही बेसमध्ये बसणाऱ्यांत याच्याहून चांगली निवड मला दिसत नाही.

ओपनबीएसडीचं वेगळं आहे, तिथं डिफॉल्ट एफव्हीडब्ल्यूएम, तोही २.२.५ ही जुनी आवृत्ती, आणि सोबत बेसमध्येच सीडब्ल्यूएम आणि टीडब्ल्यूएम. मजा म्हणजे ओपनबीएसडी मनापासून वापरणारे बरेच जण लगेच सीडब्ल्यूएमवर जातात, मीही जातो, तो खरोखर सुंदर आहे, टायटलबार नाही, बारीक कड, कंट्रोल अल्ट एंटर दाबलं की टर्मिनल, बाकी सगळं कीबोर्डवर आणि टाईप करून शोधायचं. पण डिफॉल्ट म्हणून तो नकोच. पहिल्यांदा आलेल्या माणसाला टायटलबार नसलेली विंडो आणि लक्षात ठेवायच्या कीज, त्यापेक्षा एफव्हीडब्ल्यूएमचा पेजर (वर्कस्पेसांचा छोटा नकाशा) आणि मेनू कितीतरी बरा, रुपडं नव्वदच्या दशकातलं असलं तरी. तिथं निवड योग्य आहे, फक्त कॉन्फिगवर कोणीतरी नेटबीएसडीसारखा हात फिरवायला हवा.

आता लिनक्सकडे येऊ. इथं बेसची ती अडचण नाही, पॅकेज मॅनेजर आहे, डिपेंडन्सी आली तर आली, मग निवड जास्त आणि म्हणून गोंधळही जास्त. माझं मत स्पष्ट आहे, हलक्या लिनक्ससाठी डिफॉल्ट आईसडब्ल्यूएम. अँटीएक्स या हलक्या लिनक्सनं तोच ठेवलाय आणि बरोबर केलंय. १९९७ पासूनचा प्रोजेक्ट, अजून नियमित आवृत्त्या येतात, आणि उघडल्या उघडल्या खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि सीपीयूचा छोटा आलेख, सगळं त्याच्यातच, वेगळं पॅनेल लावायला नको, ट्रे वेगळा नको. कुठल्याही माणसाला बसवा, पाच मिनिटं समजावून सांगावं लागत नाही. कंट्रोल अल्ट डिलीट दाबलं तर लॉक, लॉगआउट, शटडाऊन असे पर्याय येतात, म्हणजे जुन्या सवयीनं केलेली गोष्टही उपयोगी पडते.

कॉन्फिगही मला याचीच सगळ्यात आवडते, कारण सगळं एका फाईलमध्ये कोंबलेलं नाही. मेनूची फाईल वेगळी, कीजची वेगळी, टूलबारची वेगळी, सुरुवातीला काय चालवायचं ते स्टार्टअपमध्ये, आणि विनऑप्शन्स म्हणून एक फाईल आहे ज्यात अमुक ॲप नेहमी अमुक वर्कस्पेसवर उघड, तमुकला टायटलबार देऊ नको असं ओळीओळीनं लिहायचं. नवशिका एक फाईल बिघडवतो तेव्हा बाकीच्या शाबूत राहतात, हा फायदा मोठा आहे. मेनू आपोआप बनवायला आईसडब्ल्यूएम मेनू एफडीओ नावाचं त्याचंच टूल आहे, ते डेस्कटॉप फाईल वाचून यादी देतं. तक्रार एकच पण जुनी: त्याच्यासोबत येणाऱ्या थीम. काही थीममध्ये विंडोची कड इतकी बारीक की साईझ बदलायला पकडताच येत नाही, आणि मूळ रूप बघून लोक स्क्रीनशॉटवरूनच नाक मुरडतात. डिस्ट्रो बनवणाऱ्यांनी एक चांगली, जाड कडेची, मोठ्या फोंटची थीम बनवून तीच लावून द्यावी, बाकी काही करू नका.

जेडब्ल्यूएम जवळपास तितकाच चांगला, पपी लिनक्समुळं कितीतरी जुन्या मशीनना त्यानं जगवलं. सी मध्ये लिहिलेला, डिपेंडन्सी फारच कमी, एमआयटी लायसन्स, टास्कबार आणि ट्रे आतच. मशीन खरंच लहान असेल तर मी आईसडब्ल्यूएमच्या आधी याच्याकडे बघेन. पण एक्सएमएल! डॉट जेडब्ल्यूएमआरसी मध्ये एखादा टॅग बंद करायला विसरलात की झालं. जेडब्ल्यूएम उणे पी चालवून फाईल तपासता येते, पण हे ज्याला माहीत आहे त्याला डिफॉल्टची गरजच नसते ना.

ओपनबॉक्सवर माझं प्रेम आहे हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कोणी वाईट वाटून घेऊ नये. विंडो सांभाळण्याचं काम इतकं चोख करणारे फार थोडे. पण तो एकटा डिफॉल्ट होऊ शकत नाही. उघडला की करडी रिकामी स्क्रीन, उजवं क्लिक करेपर्यंत काहीच नाही, आणि उजवं क्लिक करायचं हे कोण सांगणार? त्याच्यावर पॅनेल, वॉलपेपर, मेनू बनवणारं काहीतरी हे सगळं चढवावं लागतं, एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपनं तेच केलं होतं. शिवाय शेवटची आवृत्ती ३.६.१, साल २०१५. चालतो, मस्त चालतो, पण नव्या सिस्टीमचा पाया म्हणून दहा वर्षं थांबलेला प्रोजेक्ट घ्यावा असं मी कोणाला सांगणार नाही. फ्लक्सबॉक्सचंही तेच, १.३.७ तेही २०१५ चंच.

टायनीकोअर या अगदी छोट्या लिनक्सचा उल्लेख करायलाच हवा, कारण तिथं निवडीमागचं कारण अगदी साफ आहे. त्यांची सगळी छोटी टूल्स एफएलटीके या टूलकिटवर (बटणं, मेनू काढणाऱ्या लायब्ररीवर), म्हणून विंडो मॅनेजरही त्याच घरातला एफएलडब्ल्यूएम, म्हणजे लायब्ररी एकदाच मेमरीत येते. मूळ एफएलडब्ल्यूएममध्ये टायटल विंडोच्या डाव्या बाजूला उभं असतं, मान वाकडी करून वाचायचं, टायनीकोअरनं टायटल वर असलेला अवतार घेतला. इतक्या लहान सिस्टीममध्येही हा विचार केला, छान वाटलं.

आणि टायलिंग, म्हणजे विंडो एकमेकींवर न येऊ देता फरशांसारख्या आपोआप मांडणारे मॅनेजर. दरवेळी कोणीतरी म्हणतंच की डीडब्ल्यूएम द्या डिफॉल्ट, दोन हजार ओळींच्या आतला कोड, याच्याहून हलकं काय? अहो पण डीडब्ल्यूएम उघडला आणि टर्मिनलसाठी अल्ट शिफ्ट एंटर दाबलं तर तो एसटी हे टर्मिनल शोधतो, एसटी टाकलेलं नसेल तर काहीच होत नाही, ना एरर ना आवाज. सेटिंग बदलायची तर कॉन्फिग डॉट एच बदलून पुन्हा कंपाईल. ज्याला हे आवडतं त्याच्यासाठी हे वरदान आहे, पण तो माणूस स्वतः शोधत येतो. आयथ्री निदान पहिल्यांदा सुरू होताना विचारतो की मुख्य की विंडोजची ठेवू की अल्ट, ही सभ्यता मला फार आवडते, तरी पहिल्या स्क्रीनवर तोही नको.

रॅमचं म्हणाल तर वरच्या यादीतला कुठलाही घ्या, फरक काही एमबींचा. त्याच मशीनवर ब्राउझरचं एक जड पान उघडलं की शेकडो एमबी जातात. त्यामुळं दोन एमबी वाचवायला क्लोजचं बटण काढून घेणं याला मी हलकेपणा म्हणत नाही.

हो, आणि एक्सवर एक सोय आहे जी वापरून नक्की बघा. विंडो मॅनेजर हा वेगळा प्रोग्रॅम असल्यामुळं सेशन त्याच्यावरच उभं नसेल तर तो पडला तरी विंडो जिवंत राहतात, नुसते टायटलबार गायब होतात. टर्मिनलमधून ओपनबॉक्स किंवा आईसडब्ल्यूएम रिप्लेस पर्यायासह चालवला तर अशा सेशनमध्ये चालू काम तसंच ठेवून मॅनेजर बदलतो. डिफॉल्टमधून बाहेर पडायचा रस्ता इतका सोपा असेल तर मेनूतच तो द्यायला काय हरकत आहे? अँटीएक्स देतो, मेनूतून फ्लक्सबॉक्स किंवा जेडब्ल्यूएमवर जाता येतं.

एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडवर ही चैन नाही, तिथं कंपोझिटर (सगळ्या विंडो एकत्र करून स्क्रीनवर काढणारा प्रोग्रॅम) आणि विंडो मॅनेजर सहसा एकच, तो पडला की बहुतेक वेळा त्याच्याबरोबर सगळ्या विंडो. म्हणजे तिथं डिफॉल्ट निवडताना जास्तच जपून. रास्पबेरी पायवाल्यांनी २०२३ मध्ये वेफायर हा कंपोझिटर घेतला आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो सोडून लॅबडब्ल्यूसीवर गेले, तेही सगळ्या मॉडेलांवर. लॅबडब्ल्यूसी ओपनबॉक्सच्या वळणाचा, तसलीच आरसी डॉट एक्सएमएल, तसलाच मेनू डॉट एक्सएमएल, ओपनबॉक्सच्या थीमही बऱ्याचशा चालतात, वर ॲनिमेशनचं नाचगाणं काही नाही. पॅनेल वेगळं लावावं लागतं ही ओपनबॉक्सची जुनी उणीव मात्र इथंही तशीच आलीय, म्हणून जे कोणी आज नवी हलकी वेलँड सिस्टीम बांधतायत त्यांनी लॅबडब्ल्यूसी घ्यावा, पण पॅनेल, टर्मिनल आणि तयार मेनू त्याच पॅकेज यादीत टाकूनच द्यावा.